सूत्रधार, सुतार आणि ‘डिझायनर’: लाकडी फर्निचराच्या परिभाषेचा विचार

१. विषय आणि त्याची मर्यादा

वस्तूचे वर्णन करताना भाषा जी विशेषणे वापरते ती स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. काही विशेषणे वस्तूच्या अंगचा गुण सांगतात, तर काही विशेषणे वस्तूचा तिच्याबाहेरील कशाशी तरी असलेला संबंध सांगतात. ‘जड पलंग’ या शब्दयोगातील जडपणा पलंग उचलून पाहिल्यास कळतो. ‘वडिलोपार्जित पलंग’ या शब्दयोगातील वडिलोपार्जितपणा मात्र पलंग कितीही न्याहाळला तरी कळावयाचा नाही. त्यासाठी त्या घराची हकीकत ठाऊक असावी लागते. विवेचनाच्या सोयीसाठी पहिल्या प्रकाराला गुणवाचक व दुसऱ्या प्रकाराला संबंधवाचक असे म्हणता येईल. गुणवाचक विशेषणाची परीक्षा वस्तूवर होते. संबंधवाचक विशेषणाची परीक्षा पुराव्यावर होते.

अलीकडील काळात शहरी बाजारपेठेत लाकडी सामानाच्या वर्णनासाठी एक ठराविक शब्दावली रूढ झाली आहे. ‘शाश्वत कठीण लाकडापासून बनविलेले हस्तनिर्मित डिझायनर फर्निचर’ हा तिचा नमुना म्हणून घेता येईल. या वर्णनात ‘शाश्वत’, ‘कठीण’, ‘हस्तनिर्मित’ व ‘डिझायनर’ अशी चार विशेषणे आहेत. ही शब्दावली इंग्रजीतून आली असून तेथे ही चारही विशेषणे मुळात संबंधवाचक आहेत. पहिले जंगल व तोड यांचा संबंध सांगते, दुसरे झाडाचे वनस्पतिशास्त्रीय कुल सांगते, तिसरे वस्तू व हात यांचा आणि चौथे वस्तू व तिची कल्पना करणारी व्यक्ती यांचा. मराठीत येताना मात्र ही चारही विशेषणे गुणवाचक म्हणून वाचली जाऊ लागली आहेत. ‘शाश्वत’ म्हणजे न कुजणारे, ‘कठीण’ म्हणजे टणक, ‘हस्तनिर्मित’ म्हणजे सुबक आणि ‘डिझायनर’ म्हणजे भारी किमतीचे, असा अर्थ सामान्य वाचक करतो. परिणामी जेथे पुरावा मागावयाचा तेथे तो मागितला जात नाही.

अर्थसंक्रमणाचे हे उदाहरण भाषाभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक तर आहेच. पण त्याचा व्यावहारिक परिणामही लहान नाही. झाडाची तोड योग्य होती की अयोग्य, आणि वस्तू घडविणाऱ्याचे नाव उरले की पुसले गेले, हे प्रश्न या चार शब्दांच्या आड दडतात. प्रस्तुत लेखात या चार शब्दांचा क्रमाने विचार करून, त्याच अर्थक्षेत्रात मराठीजवळ आधीपासून कोणती साधने होती हे पाहावयाचे आहे.

२. ‘कठीण लाकूड’

चार शब्दांपैकी सर्वांत सोपा दिसणारा आणि म्हणूनच सर्वांत फसवा शब्द ‘कठीण लाकूड’ हा होय. इंग्रजीतील ‘हार्डवुड’ आणि ‘सॉफ्टवुड’ या संज्ञा लाकडाच्या व्यापारात जन्मल्या. पुढे त्यांना वनस्पतिशास्त्रीय अर्थ प्राप्त झाला. सपुष्प, रुंद पानांच्या वृक्षांचे लाकूड ते ‘हार्डवुड’. चीड, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड ते ‘सॉफ्टवुड’. हा भेद लाकडाच्या सूक्ष्म रचनेचा आहे. पहिल्या वर्गातील लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या असतात व आडव्या छेदात त्या छिद्रांच्या रूपाने दिसतात. दुसऱ्या वर्गात अशा वाहिन्या नसतात. टणकपणाशी या भेदाचा अनिवार्य संबंध नाही.

याचा उत्तम दाखला महाराष्ट्रातच मिळतो. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे व खेळणी परंपरेने पांगाऱ्याच्या लाकडापासून बनत आली. पांगारा हा लाल फुलांनी बहरणारा सपुष्प वृक्ष. म्हणजे वर्गीकरणाच्या दृष्टीने त्याचे लाकूड ‘कठीण’ ठरते. प्रत्यक्षात ते इतके हलके व मऊ असते की त्या गुणासाठीच कारागिरांनी ते पसंत केले. विमानांच्या लहान प्रतिकृतींसाठी वापरले जाणारे बाल्सा हे लाकूडही याच ‘कठीण’ वर्गातील. उलटपक्षी देवदार हा ‘मृदू’ वर्गातील वृक्ष. तथापि त्याच्या लाकडाचा टिकाऊपणा एवढा की उत्तर हिंदुस्थानात रेल्वेमार्गांच्या आडव्या तुळयांसाठी त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला.

तेव्हा ‘कठीण लाकूड’ या भाषांतराने एका वर्गनामाचे गुणनाम झाले. सुताराच्या व्यवहारात असले वर्गनाम नव्हते, आणि त्याला त्याची गरजही नव्हती. तो झाडाच्या नावाने बोलतो: साग, शिसव, ऐन, बाभूळ, आंबा, फणस. नावात गुण गृहीत असतो. बाभळीचे लाकूड गाडीच्या चाकाला व औतांना लागते आणि सागाचे दाराच्या चौकटीला, हे सांगावे लागत नाही. झाडाच्या आतही त्याचा भेद सूक्ष्म असतो. बाहेरचे फिकट लाकूड आणि आतील गाभ्याचे गडद लाकूड यांना शास्त्रीय परिभाषेत अनुक्रमे रसकाष्ठ व मध्यकाष्ठ म्हणतात. सागाची वाळवीला दाद न देण्याची कीर्ती त्याच्या गाभ्यापुरती खरी आहे. कारण कीडरोधक द्रव्ये त्या भागातच साठलेली असतात. सागाचे रसकाष्ठ सामान्य लाकडाप्रमाणेच कीड धरते. म्हणजे ‘सागवानी’ हे विशेषणसुद्धा पुरेसे नाही. ‘गाभ्याचे सागवान’ म्हटले तरच अर्थ निश्चित होतो.

‘शिसवी’ या शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. संस्कृत ‘शिंशपा’ या शब्दापासून मराठीत ‘शिसव’ व हिंदीत ‘शीशम’ अशी रूपे आली. परंतु मराठी ‘शिसव’ हा सह्याद्रीच्या व दक्षिणेच्या जंगलांतील काळसर जांभळ्या गाभ्याचा वृक्ष, आणि उत्तरेकडील ‘शीशम’ हा नदीकाठी व शेताच्या बांधावर लावला जाणारा तपकिरी गाभ्याचा वृक्ष. दोन्ही ‘डाल्बर्जिया’ या एकाच प्रजातीतील, परंतु जाती भिन्न. इंग्रजी व्यापारात दोहोंना ‘इंडियन रोझवुड’ असे एकच नाव मिळाले. आज शहरातील दुकानात ‘शिसवी’ म्हणून विकले जाणारे सामान बहुधा उत्तरेकडील शीशमाचे असते. एकाच मूळ शब्दाची दोन प्रादेशिक रूपे दोन भिन्न वृक्षांना लागली आणि तिसऱ्या भाषेने ती पुन्हा एक केली, असा हा प्रकार आहे.

३. ‘शाश्वत’

‘सस्टेनेबल’ या इंग्रजी विशेषणाचा प्रतिशब्द म्हणून मराठीत ‘शाश्वत’ हा शब्द शासनव्यवहारातून स्थिर झाला. हिंदीने याच अर्थी ‘सतत’ व ‘टिकाऊ’ हे शब्द पत्करले. या निवडीचा परिणाम कळण्यासाठी मूळ संकल्पनेचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

ही संकल्पना मुळात लाकडाचीच आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांताच्या खाणींचे एक वरिष्ठ अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये वृक्षसंवर्धनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. खाणींना व धातू वितळविण्याच्या भट्ट्यांना लागणाऱ्या लाकडाची टंचाई हे त्याचे निमित्त होते. जेवढे लाकूड नव्याने वाढते तेवढेच तोडावे, म्हणजे उपयोग अखंड चालू राहील, हा त्यातील विचार होय. या अखंड चालू राहण्याला त्यांनी जे जर्मन विशेषण योजले त्यातून पुढे वनशास्त्रातील ‘सतत उत्पन्ना’चे तत्त्व विकसित झाले. हिंदुस्थानात हे तत्त्व आणण्याचे श्रेय मुख्यतः डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांकडे जाते. १८५६ पासून त्यांनी ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांची व्यवस्था पाहिली व १८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्यापूर्वीच, १८४० च्या दशकात, मलबारचे जिल्हाधिकारी कॉनली यांच्या पुढाकाराने आणि चातू मेनन यांच्या देखरेखीखाली निलंबूर येथे सागाची लागवड सुरू झाली होती. तिचा काही भाग आजही उभा आहे.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, या सर्व इतिहासात ‘सतत’ हे विशेषण जंगलाला किंवा उत्पन्नाला लागते. लाकडाला कधीच लागत नाही. एखादी फळी पाहून ती ‘सतत’ आहे की नाही हे सांगणे अशक्य आहे. ती फळी ज्या वनातून आली त्या वनात तोडीच्या मानाने वाढ किती, हा तो प्रश्न होय. लागवडीतील साग तोडीस येण्यास सामान्यतः ५० ते ८० वर्षे लागतात. म्हणजे या विशेषणाची सत्यता ठरविण्यास वस्तूच्या आयुष्याहून मोठा कालखंड हिशेबात धरावा लागतो. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालानंतर हा शब्द वनशास्त्राबाहेर पडून विकासाला लागला, आणि तेथून बाजारपेठेत उतरून प्रत्येक वस्तूला लागू लागला.

मराठी ‘शाश्वत’ या शब्दाने या घसरणीस हातभार लावला. संस्कृत ‘शश्वत्’ या अव्ययात ‘पुनःपुन्हा, निरंतर’ असा अर्थ आहे व तो वनशास्त्रीय संकल्पनेस जवळचा आहे. परंतु मराठीत हा शब्द मुख्यतः तत्त्वज्ञानाच्या व भक्तिवाङ्मयाच्या मार्गाने रुळला. तेथे त्याचा विरोधी शब्द ‘नश्वर’ हा आहे. देह नश्वर, आत्मा शाश्वत. साहजिकच ‘शाश्वत लाकूड’ म्हणताच ‘नाश न पावणारे लाकूड’ असा अर्थ मनात येतो. सुताराच्या भाषेत त्यासाठी ‘टिकाऊ’ हा नेमका शब्द आधीपासून आहे, आणि तो प्रामाणिकपणे गुणवाचक आहे. टिकाऊ लाकूड बेसुमार तोडीतून आलेले असू शकते, आणि शिस्तीने राखलेल्या वनातून आलेले लाकूड फारसे टिकाऊ नसू शकते. हे दोन अर्थ एकत्र झाले की पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याचा दावा खपतो.

संकल्पना मराठीस परकी होती असे मात्र नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात लाकडासंबंधी जे नियम दिले आहेत ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. राज्यातील वनांतून सागवानादी लाकूड आवश्यक तेवढेच व परवानगीने तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून खरेदी करावे, असे तेथे सांगितले आहे. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असले तरी त्याला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत व रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात, असे कारणही दिले आहे. एखादे झाड जीर्ण होऊन फळ देईनासे झाले असेल तर ते धन्याला राजी करून व द्रव्य देऊन न्यावे, बलात्कार करू नये, असा अपवादही त्यात आहे.

या नियमांत ‘शाश्वत’सारखे एकही विशेषण नाही. सर्व आशय क्रियापदांनी व अटींनी व्यक्त झाला आहे: किती तोडावे, कोणाच्या परवानगीने, कोणते वगळावे, कोणाला मोबदला द्यावा. आजच्या काळाशी त्याचा सांधा अनपेक्षित ठिकाणी जुळतो. राजस्थानातील जोधपूर परिसरात निर्यातीसाठी बनणाऱ्या फर्निचरात आंब्याच्या लाकडाचा मोठा वाटा असतो. फळ देण्याचे वय उलटलेली झाडे तोडून ते मिळविले जाते, हे त्या लाकडाच्या समर्थनार्थ सांगितले जाणारे मुख्य कारण आहे. ते कारण म्हणजे आज्ञापत्रातील अपवादच होय. फरक इतकाच की, आज्ञापत्रात झाडाच्या धन्याची राजीखुशी ही अटच आहे. आधुनिक विशेषणात तिला स्थान नाही.

हा फरक गौण मानता येणार नाही. १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांखाली जंगलाचे उत्पन्न ‘सतत’ राखताना त्या जंगलात राहणाऱ्यांचे वहिवाटीचे हक्क संकोचले गेले, आणि त्यांची कायदेशीर पुनर्मान्यता २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत लांबली. त्या कायद्यान्वये २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास सामूहिक वनहक्क मिळाले, ते देशातील अगदी पहिल्या उदाहरणांपैकी होते. सातत्य कोणासाठी, हा प्रश्न ‘शाश्वत’ या शब्दात मावत नाही.

संबंधवाचक विशेषणाला पुरावा लागतो ही जाणीव व्यापाराच्या जगातही झाली आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिल’ या संस्थेची प्रमाणपत्रे वनापासून दुकानापर्यंतच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद मागतात. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत ‘डाल्बर्जिया’ ही सगळी प्रजाती दुर्मिळ वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या नियंत्रणाखाली आणली गेली व २ जानेवारी २०१७ पासून ते नियम लागू झाले. नियम प्रजातीच्या नावाने झाला; त्यामुळे बांधावर मुबलक लावला जाणारा उत्तरेकडील शीशम आणि जंगलात मंदगतीने वाढणारी शिसव यांना एकाच सूचीत बसावे लागले, आणि भारतीय निर्यातदारांना त्याची झळ पोहोचली. २०२२ च्या पनामा परिषदेत वजनाच्या नियमाच्या स्पष्टीकरणाने शीशमाच्या वस्तूंना काही दिलासा मिळाला. नावात भेद राखला नाही तर व्यवहारात किती गुंता होतो, याचे हे ताजे उदाहरण होय.

४. ‘हस्तनिर्मित’

या समासाचा अर्थ उघड आहे: हाताने केलेले. परंतु आजच्या कारखान्यात ओंडका यंत्राच्या करवतीने चिरला जातो, फळी यंत्रानेच सपाट होते, सांधे कधी हाताने तर कधी यंत्राने पडतात आणि शेवटची घोटाई बहुधा हाताने होते. यांपैकी कोणती क्रिया हाताने झाली म्हणजे वस्तू ‘हस्तनिर्मित’ म्हणावयाची, हे शब्द सांगत नाही.

या संदर्भात मराठीच्या घडणीतील एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. मराठीत धातूला ‘-ईव’ प्रत्यय लागून क्रियेचे फल दर्शविणारी विशेषणे होतात: तासणे–ताशीव, कातणे–कातीव, कोरणे–कोरीव, घडणे–घडीव, घोटणे–घोटीव, बांधणे–बांधीव. या विशेषणांचे वैशिष्ट्य असे की, वस्तूवर कोणती क्रिया झाली ते त्यांत स्पष्ट उरते. ‘कातीव खूर’ म्हणजे चरकावर फिरवून गोल केलेला खूर. ‘कोरीव पाठ’ म्हणजे पटाशीने नक्षी काढलेली पाठ. पलंगाचे खूर कातीव, पाठ कोरीव आणि फळी नुसती रंधलेली, असे एकाच वस्तूचे अंगोपांगी वर्णन या शब्दांनी करता येते. ‘हस्तनिर्मित’ या एका शब्दाने त्या सर्वांची जागा घेतली, तेव्हा आदर वाढला खरा, पण माहिती कमी झाली.

क्रियेच्या या बारकाव्यामागे अवजारांची समृद्ध शब्दसंपत्ती उभी आहे. वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरे, सामता, कानस ही त्यांतील काही नावे. या संपत्तीचे थर पाहिले तर तिला शुद्ध देशी म्हणता यावयाचे नाही. काटकोन तपासण्याचा ‘गुण्या’ हा फारसीतून आला असून त्याचे मूळ ग्रीक भाषेतील ‘कोन’वाचक शब्दात आहे. ‘पेच’ व ‘रोगण’ हे फारसी. ‘बिजागरी’ व ‘बरमा’ यांचा उगम पोर्तुगीज भाषेत दाखविला जातो. ‘गिरमीट’ इंग्रजी. वस्तूंच्या नावांचीही तीच गत: ‘पाट’, ‘खाट’ व ‘पलंग’ संस्कृतोद्भव, ‘खुर्ची’ अरबी-फारसी, ‘टेबल’ इंग्रजी. ‘कपाट’ हा शब्द संस्कृतच, पण संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी असा आहे. बदरीनाथाचे ‘कपाट’ उघडल्याची वार्ता हिंदीत येते तेथे तो जुना अर्थ टिकून आहे. मराठीत मात्र दारावरून तो दारामागच्या सामानाच्या जागेवर गेला.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. आजच्या परिभाषेवरील आक्षेप ती परकी आहे म्हणून घ्यावयाचा नाही. सुताराची भाषा नेहमीच उसनवारी करीत आली. पण ‘बिजागरी’ आली ती वस्तूबरोबर आली, आणि तिने एक नवा भेद दाखविला. प्लायवूडच्या फर्निचराबरोबर आलेले ‘हिंज’ व ‘चॅनल’ हे शब्दही याच जातीचे आहेत. ‘सनमायका’ हे तर एका उत्पादनाचे व्यापारी नाव असून सामान्यनाम होऊन बसले. हे शब्द नेमकेपणा कमी करीत नाहीत. ‘हस्तनिर्मित’ हा शुद्ध संस्कृत समास मात्र तो कमी करतो. शब्दाचे कूळ आणि शब्दाची कामगिरी या स्वतंत्र बाबी आहेत, हे परिभाषा घडविणाऱ्यांनी विसरता कामा नये.

५. ‘डिझायनर’

उरले चौथे विशेषण. व्याकरणाच्या दृष्टीने ‘डिझायनर’ हे कर्तृवाचक नाम आहे. आराखडा करणारा तो डिझायनर. मराठीत ‘डिझायनर साडी’, ‘डिझायनर फर्निचर’ अशा योगांत ते विशेषणासारखे वापरले जाते, आणि तेव्हा त्यातून कर्ताच नाहीसा होतो. ‘डिझायनर खुर्ची’ म्हणताना तिचा आराखडा कोणी केला हे बहुधा सांगितले जात नाही. कर्त्याचे नाव सांगण्यासाठी असलेला शब्द कर्ता लपविण्यासाठी वापरला जावा, हा अर्थविकासातील एक विरोधाभासच म्हणावयाचा.

याच्या शेजारी ‘सुतार’ हा शब्द ठेवून पाहावा. संस्कृत ‘सूत्रधार’ या शब्दापासून प्राकृतातील मधल्या रूपांतून तो मराठीत आला. सूत्र धरणारा, म्हणजे दोरीने रेषा आखून देणारा. रेषा आधी आणि करवत मागाहून. आखणी करणारा व घडविणारा यांचे ऐक्य त्या नावातच आहे. नाट्यशास्त्राच्या वाटेने आलेला तत्सम ‘सूत्रधार’ योजना व नियंत्रण करणारा म्हणून मानाने राहिला, आणि लोकभाषेच्या वाटेने झिजत आलेला तद्भव ‘सुतार’ हातकाम करणारा बलुतेदार ठरला. एकाच शब्दाची ही दोन रूपे विचार आणि हात यांची समाजाने केलेली वाटणी उघड करतात. त्या वाटणीचा अंतिम टप्पा म्हणजे सुताराच्या शेजारी ‘डिझायनर’ येऊन बसणे होय. आणि तरीही ‘आखीव-रेखीव’ या नित्याच्या जोडशब्दात सुताराच्या दोरीची खूण अजून शिल्लक आहे. आखणी चांगली तर वस्तू सुंदर, हा त्याचा न्याय.

या वाटणीचे परिणाम किती दूरवर जातात हे चंदीगडच्या फर्निचरावरून दिसते. १९५१ पासून उभ्या राहिलेल्या त्या नव्या राजधानीतील कार्यालये, ग्रंथालये व शिक्षणसंस्था यांच्यासाठी ल कॉर्ब्यूझिए यांचे चुलतबंधू व सहकारी प्येअर जानरे यांच्या मार्गदर्शनाखाली साग व शीशम यांच्या साध्या, मजबूत खुर्च्या व मेजे तयार झाली. आराखड्यांच्या कामात यूली चौधरी यांच्यासारख्या भारतीय वास्तुविशारदांचा वाटा होता. ही हजारो नग स्थानिक सुतारांनी आपल्या हातांनी, आपल्या सांध्यांच्या ज्ञानाने घडविली. पुढे जुनी झालेली ती खुर्ची मोडीत म्हणून लिलावात निघाली, परदेशी व्यापाऱ्यांनी ती स्वस्तात नेली, आणि युरोप-अमेरिकेतील लिलावगृहांत ती ‘जानरे’ या नावाने प्रचंड किमतीस विकली जाऊ लागली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसावस्तूंच्या विक्रीस मनाई केली. वस्तूवर आता आराखड्याच्या प्रमुखाचे नाव आहे. रंधा धरणाऱ्या हातांची नावे कोठेही नाहीत. तेथे ‘डिझायनर’ व ‘हस्तनिर्मित’ ही दोन्ही विशेषणे खरी आहेत, पण पहिल्याला कर्ता आहे व दुसऱ्याला नाही.

वेगळा मार्ग शक्य आहे हे जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांच्या उदाहरणावरून कळते. अमेरिकेत जन्मलेले हे जपानी वंशाचे वास्तुविशारद १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुदुच्चेरीत श्रीअरविंदांच्या आश्रमाच्या ‘गोलकुंड’ या इमारतीच्या कामावर होते, व तेथील लाकडी सामानाचे आराखडेही त्यांनी केले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, तेव्हा १९४२ मध्ये आयडाहो राज्यातील मिनिडोका छावणीत गेन्तारो हिकोगावा या जपानी पद्धतीच्या सुताराकडून त्यांनी हातकाम शिकून घेतले. पुढे फळीतील भेग लपविण्याऐवजी तिच्यावर फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर बसवून ती उघड ठेवणे ही त्यांच्या कामाची खूण बनली. १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊनही त्यांनी फर्निचर तयार केले. शिकलेल्या वास्तुविशारदाने आपल्या गुरुस्थानी एका सुताराचे नाव सांगावे, यात ‘सूत्रधार’ व ‘सुतार’ या दुभंगलेल्या अर्थांचे पुनर्मीलन पाहता येते.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून जे निष्पन्न होते ते असे. चारही विशेषणांमागे एकेक अपूर्ण वाक्य आहे आणि ते पूर्ण केल्यावाचून विशेषणाला अर्थ येत नाही. ‘कठीण’ म्हटले की कोणत्या झाडाचे व झाडाच्या कोणत्या भागाचे, हे सांगावे लागेल. ‘शाश्वत’ म्हटले की कोणत्या वनातील, किती तोडीला किती वाढ, आणि कोणाच्या संमतीने, हे सांगावे लागेल. ‘हस्तनिर्मित’ म्हटले की कोणती क्रिया कोणाच्या हातची, आणि ‘डिझायनर’ म्हटले की आखणी कोणाची, हे सांगावे लागेल. परिभाषेच्या दृष्टीने पाहता वनाच्या संदर्भात ‘सतत उत्पन्नाचे वन’ किंवा ‘राखीव तोडीचे लाकूड’ यांसारखे शब्दयोग ‘शाश्वत लाकूड’ या योगापेक्षा अधिक सरळ ठरतील. कारण त्यांत विशेषण आपल्या योग्य विशेष्याला चिकटलेले राहते. वस्तूच्या घडणीसाठी ‘-ईव’ प्रत्ययान्त विशेषणांचे जुने भांडार अद्याप उपलब्ध आहे.

ते भांडार मात्र फार काळ उपलब्ध राहील असे नाही. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२–१९३८) सुतारकामाचे अनेक शब्द नोंदले गेले आहेत, परंतु कोशातील नोंद ही बहुतेक ठिकाणी एका ओळीची असते. अवजार कसे धरावयाचे, कोणत्या सांध्याला कोणत्या तालुक्यात काय म्हणतात, आणि एकच शब्द कोकणात व विदर्भात भिन्न वस्तूंना कसा लागतो, हे कोशातून कळत नाही. सावंतवाडी, चंद्रपूर-गडचिरोली व मुंबई-पुण्याच्या वखारी व कारखाने ही या संकलनाची तीन स्वाभाविक क्षेत्रे होत. पहिल्यात लाखकामाची, दुसऱ्यात सागाच्या तोडीची व तिसऱ्यात देशभरातून आलेल्या कारागिरांच्या मिश्र बोलीची शब्दावली मिळेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी असे संकलन करताना प्रत्येक शब्दापुढे तो सांगणाऱ्या कारागिराचे नाव, त्याच्या संमतीने, लिहून ठेवावे. शब्दांच्या नोंदवहीत तरी कर्त्याचे नाव क्रियेपासून वेगळे पडू नये.